दांड्याची घट

कूलर बंद केलाय.
त्याची घरघर माइकमध्ये जाते, हे दुसऱ्या फेरीत कळलं,
आणि ही पाचवी.
सावद्यात चव्वेचाळीस अंश, एप्रिलची दुपार,
खिडकीला ओली चादर,
वर इस्त्रीचा कुर्ता, खाली घरातली विटकी सलवार.
बाहेर केळीचा ट्रक मागे घेताहेत:
येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस्स.

पडद्यावर हैदराबादचा श्रीनिकेत.
सव्वीसचा असेल. मी सव्वीसची होते तेव्हा
हा बालवाडीत डबा सांडत असणार.
"हाय, कुमुदिनी वार्की."
वारके, असं मी म्हणत नाही.
पाच फेऱ्यांत पाच आडनावं झाली माझी.

आधी चौकोन काढले.
चौकोनाला बाण, बाणापुढे रांग, रांगेला मर्यादा.
एक सर्व्हर पडला तर?
दुसरा उचलेल.
दुसराही पडला तर?
काम रांगेत थांबेल, हरवणार नाही.
आणि रांगच पडली तर?
इथे मला हसू आलं. त्याला वाटलं, नेटवर्क अडकलं.

मग तो प्रश्न: तुमच्या एखाद्या अपयशाबद्दल सांगा.
याचं उत्तर पाठ आहे.
पुण्यातलं, एका बँकेचं, मध्यरात्रीचं,
ज्यात चूक माझीच असते, पण फार नसते,
आणि शेवटी एक आकडा येतो, टक्क्यांत.
कुकरच्या शिट्ट्यांवर घोकलंय.

तोंड उघडलं आणि निघाला ओंकार तायडे.

नव्व्याण्णव साल. निंभोरा रस्त्यावरचा काटा.
फॉक्सप्रोत लिहिलेला माझा पावतीचा प्रोग्राम:
भरली गाडी वजा रिकामी गाडी,
त्यातून दांड्याची घट, उरली ती केळी.
मेहनताना आठशे रुपये आणि एक घड.
ओंकारदादा तोलारी, सातवी नापास.
पावती छापून झाली की स्वतःच्या वहीतही लिहायचा,
शिसपेन्सिलीनं, ओठ हलवत.
सगळे हसायचे. मीही.
तिसऱ्या महिन्यात वही माझ्यापुढे सरकवली.
"पोरी, तुही पावती खोटं बोलते वं.
दर गाडीले चार किलो खाते."

घट मी वरच्या दहाला नेत होते.
एका चिन्हाची चूक.
नऊशे बारा पावत्या,
साडेछत्तीस क्विंटल केळी, जी कुणीच चोरली नव्हती.

श्रीनिकेतनं विचारलं, दुरुस्त कसं केलंत?
चिन्हाला एक मिनिट लागलं.
बाकीला सगळा उन्हाळा.
वही घेऊन आम्ही दोघं, त्याच्या लुनावर,
चिनावल, कोचूर, फैजपूर.
व्यापाऱ्यानं निम्मे दिले, कुरकुरत,
उरलेल्यासाठी मी दोन वर्षं शिकवण्या घेतल्या.
कुणी पैसे परत केले, कुणी चहा पाजला,
एकानं आईवरून शिवी दिली
आणि नोटा थुंकी लावून दोनदा मोजल्या.

यातून काय शिकलात?
मशीन केवढंही असो, त्याच्याबाहेर एक वही असावी.
आणि ती ठेवणाऱ्याला हसू नये.

तो टाइप करत राहिला. बराच वेळ.
लाइट गेली, इन्व्हर्टर टींटीं करू लागला.
तुम्हाला काही विचारायचंय?
विचारलं: तुमच्याकडे वही कोण ठेवतं?
"म्हणजे, ऑडिट?"
नाही, म्हटलं. बरं, हो. तसंच काहीतरी.

आठवड्यात कळवू, म्हणाला. सगळेच म्हणतात.
पडदा काळा झाला, त्यात माझा चेहरा, घामानं निथळलेला.
लाइट आल्यावर कूलर लावला,
पहिल्या झोताला जुन्या पाण्याचा वास.

खाली काट्यावर ट्रक चढला.
रिकामा.
आधी रिकाम्याचं वजन घेतात.